बोर्डावरचा पगार

फाट्यावर बोर्ड लागला त्या सकाळी चौघी जणी नंदाबाईच्या रानात कापूस वेचायला निघाल्या होत्या. वडीगोद्रीच्या रस्त्यावरून गावाचा रस्ता जिथं फुटतो तिथं, चहाच्या टपरीच्या वर, दोन बांबूंना ताणून तो बांधला होता. सगळ्यात वर पुढाऱ्याचा मोठा फोटो. त्याच्याखाली शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष तातेराव, हात जोडून. आणि त्यांच्याखाली दोन ओळींत शाळेतले सगळे शिक्षक. खालच्या ओळीत कडेला दैवशालाचा नवरा राधेश्याम होता, अंगात काळा कोट.

कांताबाई थांबली. तिला वाचता येत नव्हतं.

"दैवशे, हा तुझा मालक न्हाई का? कोट कधी शिवला गं?"

"कोट फोटोवाल्याचा हाये," दैवशाला म्हणाली. "मान तेवढी यांची."

नंदाबाई पदर तोंडाला लावून हसली. बदरुन्निसा चौथीपर्यंत शिकलेली होती. तिनं मान वर करून एकेक अक्षर जोडलं. "लढ्याला यश. पगार मंजूर. मागील फरकासह." तिनं दैवशालाकडं पाहिलं. "फरक म्हंजी?"

"गेल्या जूनपासून पगार धरलाय. तेवढ्या महिन्यांचा एकदम देतेत म्हणं, त्यो फरक. अन् पगार म्हंजी सगळा न्हाई. शंभरातले वीस."

"वीस हजार?"

"न्हाई गं. शंभर मिळायचे तिथं वीस. अन् ते बी अजून आलं न्हाई. नुस्ता कागद निघालाय."

"कागद निघाला म्हंजी पैसा निघाला," कांताबाई म्हणाली. "तातेराव काय यडाय, उगाच बोर्ड लावायला? चला, दव उडून राह्यलंय."

चौघींची सावड जुनी होती. आज एकीच्या रानात चौघी, तिचं उरकलं की दुसरीच्या. पैसा कुणी कुणाला द्यायचा नाही, वेचलेल्या कापसाचं वजन करायचं नाही. तीन वर्षांपूर्वी कांताबाईला टायफॉइड झाला तेव्हा तिच्या वाटचं दैवशालानं दोन हातांनी काढलं होतं. पुढच्या हंगामात कांताबाईनं ते न सांगता फेडलं होतं. या वेळी कांताबाईचं रान झालं होतं, बदरुन्निसाचं झालं होतं. नंदाबाईचं आज-उद्यात उरकलं की दैवशालाचं होतं. तिची पऱ्हाटी उशिरा फुटली म्हणून तिनंच स्वतःला शेवटी ठेवलं होतं.

दुपारपर्यंत त्या वाकून वेचत राहिल्या. फुटलेल्या बोंडाची टोकं वाळली की सुईसारखी होतात. नखाच्या कडेला, नेमकी जिथं कातडी पातळ असते तिथं लागतात. चौघींच्याही बोटांना तिथं काळे ठिपके होते. कमरेला बांधलेली कापडाची ओटी भरली की पोटावर ओझं येतं आणि कमरेचा बाक आणखी वाढतो. मग एकीनं दुसरीची गाठ सोडायची, कारण स्वतःची सोडायला हात मागं जात नाहीत.

"मास्तरीणबाई, बेतानं," कांताबाई तिची गाठ सोडताना म्हणाली. "हात खराब व्हतेल."

"हात कव्हाच गेले ते."

"आता मलम लावा. फरक आला की."

तिघी हसल्या. दैवशालाही हसली. पण भाकरी खाताना नंदाबाईनं नेहमीसारखा ठेच्याचा डबा तिच्याकडं सरकवला नाही. विसरली असेल, असं तिला वाटलं.

संध्याकाळी राधेश्याम घरी आला तेव्हा त्याच्या हातात पेढ्यांचे पुडे होते. तातेरावांनी सगळ्या शिक्षकांना सांगितलं होतं, आपापल्या गल्लीत पेढे वाटा, लोकांना कळू द्या संस्थेनं काय केलं ते. पुडे फाट्यावरच्या हॉटेलातून उधार आणलेले होते.

"आई, तोंड उघड," त्यानं गिरिजाबाईच्या, आपल्या आईच्या, तोंडात पेढा घातला. म्हातारी भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. तिचे गुडघे आता वाकत नव्हते.

"पगार झाला का रं?"

"व्हईल. मंजूर झाला."

"मंजूर तर तू लागलास तव्हाच झाल्ता."

राधेश्यामनं पुड्याचा दोरा पुन्हा बांधला. तो लागला तेव्हा संस्थेला द्यायला म्हणून कालव्याकडचं एकर विकलं होतं. उरलेल्या दोन एकरांत गेली चौदा वर्षं घर चाललं होतं. सकाळी तो मुलांना प्रकाशाचं परावर्तन शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या मोसंबीवर पंपानं औषध फवारायचा. गावात कुणी त्याला नावानं हाक मारायचं, कुणी 'बिनपगारी'. त्या संध्याकाळी तो घरोघर पेढे घेऊन गेला. परत आला तेव्हा त्याची पाठ सरळ होती. "टपरीवाला आज सर म्हणला," तो दैवशालाला म्हणाला. "चहाचे पैसे घेतले न्हाईत." ती चुलीपुढं बसली होती. तिनं मान हलवली.

नंदाबाईचं रान झाल्यावर दुसऱ्या सकाळी दैवशाला भाकरी बांधून दारात थांबली. कुणी आलं नाही. उन्हं ओट्यावर आली तेव्हा ती कांताबाईच्या घरी गेली. कांताबाई अंगणात खराट्यानं झाडत होती. घाईत नव्हती.

"काकू, आज माझ्या रानात ना?"

"ये, बस."

"बसू कशाला? ऊन व्हतंय."

कांताबाईनं खराटा भिंतीला लावला. "आमी तिघीनं ठरवलंय. तुझं वेचून देऊ. पण रोजानं. किलोवर."

"सावड हाये की आपली."

"व्हती. सावड बराबरीच्याची असती, दैवशे. आज आमी तुझं वेचावं, अन् फुडल्या वेचणीला तू पंख्याखाली बसावं. मंग आमी कुणाच्या दारात यायचं? परतूरच्या माझ्या बहिणीच्या गावात असंच झालं. मास्तरीण पगार झाल्यावर एक दिस आली न्हाई."

"मी येईन की."

"आता म्हणशील."

"अन् मी जे राबले तुमच्या तिघींच्या रानात? त्याचं काय?"

"ते बुडवणार न्हाई आमी. तुझं रोजाचं जे व्हईल ते कापूस इकला की देऊ. फुकट न्हाई ठेवणार."

दैवशालाची कानशिलं तापली. कांताबाईनं मजुरी देऊ केली याचा तिला एवढा अपमान का वाटला, ते तिला लगेच कळलं नाही. "पैसे आले न्हाईत, काकू," ती म्हणाली. "एक रुपया न्हाई आला. देवाशप्पथ."

"पेढे खाल्ले ना आमी," कांताबाई म्हणाली.

"मंग उधारीवर या. पगार झाला की देते."

"मास्तराच्या घरी उधारी?" कांताबाईला खरंच हसू आलं. "आमाला दिवाळीला रोकडा लागतो गं. वस्तीवर मोसंबीचा व्यापारी उतरलाय, त्यो संध्याकाळी हातावर ठेवतो. आमी तिकडं चाललो."

तिनं पुन्हा खराटा घेतला. दैवशाला वाटेत बदरुन्निसाच्या दारावरून गेली. बदरुन्निसा चूल सारवत होती. तिनं पाहिलं आणि नजर खाली घातली. "मैं अकेली क्या करू, दैवशाला," ती हळूच म्हणाली. "कांताबाईला सोडून मी कुठं जाऊ?"

दैवशाला रानात एकटीच गेली. दोन एकर सगळं एकदम फुटलं होतं. एरवी तिला हे पाहून बरं वाटलं असतं. दोन हातांनी दिवसाला जेवढं निघतं तेवढं निघालं, आणि मागं पाहिलं तर रान तसंच पांढरं. आभाळात अजून काही नव्हतं. पण वारा फिरला होता. तो खालच्या अंगानं येत होता आणि दमट होता. बोंडातला कापूस बोटांना सकाळीच ओलसर लागत होता आणि दव उडाल्यावरही तसाच राहत होता.

दुसऱ्या दिवशी राधेश्यामच्या फोनवर हवामानाचा संदेश आला. रविवारी रात्रीपासून जोराचा पाऊस. फुटलेला कापूस पावसात सापडला की बोंडातच लोंबतो, काळवंडतो. व्यापारी त्यात हात घालतो आणि न बोलता भाव निम्मा करतो. हे दोघांनाही माहीत होतं.

"तुमी चला माझ्यासंगं कांताबाईकडं," ती म्हणाली. "सांगा त्यांना."

"काय सांगू?"

"पगार आला न्हाई म्हणून. तुमच्या तोंडून ऐकलं तर पटल त्यांना."

तो शाळेचा शर्ट खुंटीला अडकवत होता. पाठमोराच तो बोलला.

"चौदा वर्षं तेच सांगितलं मी, दैवशाला. दुकानात सांगितलं, सोयऱ्यात सांगितलं, आपल्या अर्पिताच्या होस्टेलच्या फीला सांगितलं. पगार न्हाई, पगार न्हाई. आता एक डाव बोर्डावर आलंय. बोर्ड उतरायच्या आधीच मी दारोदार जाऊन सांगू, खोटंय म्हणून?"

"खोटं न्हाई. उशीर हाये म्हणायचं."

"एकच हाये ते."

"कापूस जाईल."

"रविवारी सत्काराला जायचंय," तो म्हणाला. "पुढारी येणारेत. सगळ्या मास्तरांनी पाहिजेच असं तातेरावांनी बजावलंय. फरकाची बिलं मुख्याध्यापकाच्या टेबलावर हायेत, अन् मुख्याध्यापक त्यांच्या खिशात. मी आलो न्हाई तर त्यांच्या ध्यानात ऱ्हातंय."

"मंग मी काय करू?"

 त्यानं खुंटीवरच्या शर्टाची कॉलर सारखी केली.

शनिवारी शाळा अर्धा दिवस होती. दुपारी राधेश्याम शाळेतून सरळ रानात आला. बांधावर सायकल आडवी करताना त्याला आधी दैवशाला दिसली, पार टोकाला, वाकलेली. मग जवळच्या तासात, झाडांच्या ओळीत, पऱ्हाटी हलताना दिसली. कुत्रं असावं असं वाटून त्यानं ढेकूळ उचललं. तर आत त्याची आई होती. गिरिजाबाईला वाकता येत नव्हतं आणि बसून उठता येत नव्हतं, म्हणून ती बुडावर बसून, दोन्ही हात मागं टेकून, एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत सरकत होती. खालची बोंडं तेवढी तिच्या हाताला येत होती. लुगडं मागून मातीनं काळं झालं होतं. ओटीत मूठ-दोन मुठी कापूस होता, त्यात पालापाचोळा.

"आई, तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगतंय?" म्हातारीनं वर पाहिलं. "आभाळ बघ की."

त्यानं ढेकूळ खाली ठेवलं. मग तो वेचायला लागला. तो वाईट वेचायचा, बोंडासकट पानं ओढायचा. त्या दिवशी दैवशाला त्याला एकदाही बोलली नाही. अंधार पडेपर्यंत तिघांनी मिळून एक कोपरा मोकळा केला. गिरिजाबाईला सायकलच्या कॅरिअरवर बसवून त्यानं घरी नेलं. तिचे पाय लांब राहत होते म्हणून दैवशाला बाजूनं ते धरून चालली.

रविवारी सकाळी त्यानं सत्कारासाठी इस्तरी केलेला पांढरा शर्ट घातला. दैवशाला भाकरी बांधत होती.  तो निघाला, आणि फाट्याकडं न वळता खालच्या गल्लीकडं वळला. ते पाहून ती भाकरी तशीच ठेवून दारात आली.

हापशावर कांताबाई, नंदाबाई आणि बदरुन्निसा तिघीही पाणी भरत होत्या. गल्लीतले आणखी दोघे-चौघे दात घासत उभे होते. तो घागरींपासून जरा लांब थांबला.

"काकू," तो म्हणाला.

कांताबाईनं दांडा सोडला. "काय सर? सत्काराला निघाले?"

"पगार आलेला न्हाई, काकू. फरक बी न्हाई. एक रुपया न्हाई." त्याचा आवाज वर्गातल्यासारखा निघाला, गरजेपेक्षा मोठा. "मंजूर झालाय. बिल जायचंय, मंग जालन्याला तपासणी, मंग कव्हा येईल ते मला बी माहीत न्हाई. आला तरी शंभरातले वीस. दैवशाला सांगत व्हती ते खरं हाये."

हापशातून उरलेलं पाणी गळत होतं.

"मंग पेढे?" नंदाबाईनं विचारलं.

"उधार आणले व्हते."

आधी बदरुन्निसाला हसू आलं. तिनं पदर तोंडात कोंबला, पण ते थांबेना. मग नंदाबाई, मग दात घासणारे. "उधारीचे पेढे वाटले मास्तरनं!" कुणीतरी लांबच्या दारात कुणाला तरी सांगितलं, आणि तिथूनही हसण्याचा आवाज आला. राधेश्याम उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. तो हसलाही नाही आणि निघालाही नाही.

कांताबाई एकटी हसली नव्हती. ती त्याच्याकडं बघत होती, शेतकरी बाजारात बैलाकडं बघतो तशी, पायापासून वर.

"अन् पगार व्हईल तव्हा?" ती म्हणाली. "तव्हा दैवशी येईल का वाकायला?"

"ते तिला विचारा. मी तिच्या वतीनं कसं सांगू?"

कांताबाईनं घागर उचलून कमरेवर घेतली. "नंदे, भाकरी बांध," ती म्हणाली. "बदरुन्निसा, तू बी. मोसंबीवाल्याला निरोप धाडा, आज न्हाई म्हणावं."

दहा वाजायच्या सुमाराला चौघी आणि राधेश्याम रानात होते. त्यानं पांढरा शर्ट काढून लिंबाच्या फांदीवर टाकला होता. कुणी सावडीचं नाव काढलं नाही, रोजाचंही नाही. कांताबाईनं नेहमीसारखं मधलं तास धरलं. दैवशालाची ओटी भरली तेव्हा तीच मागून आली आणि गाठ सोडली.  बोटानं तिच्या पाठीवर चिकटलेलं पान तेवढं काढलं.

"मास्तर, पानं काय सत्काराला न्यायचीत?" नंदाबाई ओरडली. "बोंडाला हात घाला, झाडाला न्हाई!"

"घालतो."

"मुलं कशी शिकवता वो?"

"अशीच," तो म्हणाला, आणि त्या वेळी तो हसला.

दुपारी त्याचा फोन फांदीवर, शर्टाच्या खिशात वाजला. थांबला, पुन्हा वाजला. त्यानं मान वर केली नाही. थोड्या वेळानं रस्त्यावरून तातेरावांची पांढरी जीप गेली. बांधाजवळ तिचा वेग कमी झाला. आत मागच्या सीटवर कोट घातलेले दोन मास्तर बसले होते. काच खाली झाली, आतून कुणीतरी पाहिलं. राधेश्याम ओटी बांधलेला, अंगावर नुसतं बनियन, तासात उभा होता. तो दोन हात जोडावेत का याचा विचार करत होता, तोवर काच वर गेली.

"बोलवत व्हते का?" दैवशालानं विचारलं.

"न्हाई. बघत व्हते."

पहिले थेंब आले तेव्हा गाठोडी डोक्यावर होती. खालच्या अंगाचा एक तुकडा राहिला, तो राहिला. बाकीचा कापूस रात्री माजघरात छतापर्यंत होता, आणि पत्र्यावर पाऊस. घरात सरकीचा उष्ण, तेलकट वास भरला होता. गिरिजाबाई कापसालाच टेकून झोपली.

तो कापूस वाळवून, बऱ्या भावानं, दिवाळीनंतर गेला. संक्रांत झाली. तुरी वाळायला लागल्या. एका संध्याकाळी राधेश्याम घरी आला आणि सायकल लावून ओट्यावरच बसला. दैवशाला आत लसूण सोलत होती. त्याचे पाय तिला दारातून दिसत होते.

"झाला का पगार?" तिनं विचारलं. गावात दुपारीच बातमी आली होती.

"बाकीच्यांचा झाला. फरकासगट."

"अन् तुमचा?"

"माझं नाव राह्यलं. मुख्याध्यापक म्हणले, तुमच्या कागदात त्रुटी निघाली. फुडल्या बिलात बघू."

"काय त्रुटी?"

"ते विचारलं मी. अध्यक्षांना विचारा म्हणले."

ती लसूण सोलत राहिली. वस्तीवरच्या एका मास्तराच्या बायकोनं आज सकाळीच तूर काढायला रोजानं बाया लावल्या होत्या. ती स्वतः रानात आली नव्हती. नंदाबाईनं हे हापशावर सांगितलं होतं आणि चौघीही त्यावर थोडं हसल्या होत्या.

दैवशालाला वाईट वाटत होतं. चौदा वर्षांचं वाईट आणि त्यात आजचं. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं, वीट उचलली की खाली दिसणाऱ्या ओल्या जमिनीसारखं. उद्या कांताबाई नेहमीसारखी दारातून हाक मारणार होती, आणि तिला जायचं होतं, आणि त्यात काही बदललं नव्हतं. याचं तिला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणून तिनं सोललेली पाकळी पुन्हा सोलल्यासारखी केली. हे तिनं त्याला सांगितलं नाही. सांगता आलं नसतं.

"मी चुकलो का गं त्या दिशी?" त्यानं बाहेरून विचारलं.

"न्हाई."

"कापूस तर निघाला."

"निघाला."

 मग त्यानं चपला काढल्या. "उद्या कुणाच्या रानात हायेत तुमी?"

"कांताबाईच्या. तूर कापायचीय."

"उद्या रविवार हाये. मी येऊ का?"

तिनं लसणाची टरफलं सुपात गोळा केली आणि दारात येऊन त्याच्या पलीकडं, मोकळ्या अंगणात, फुंकरीनं उडवून दिली.

"या," ती म्हणाली. "पण कडंचं तास धरा. तुमचा हात हळू हाये, बायांना थांबावं लागतं."